गाळ्यात घातलेलं गाऱ्हाणं

चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आमचा स्टुडिओ आहे असं सांगितलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर काचेची भिंत, गुबगुबीत सोफा आणि रंगीत दिवे येतात. येऊ देत. मी खोडून काढत नाही. खरं म्हणजे तो अर्धा गाळा आहे. मध्ये प्लायवूडचं पार्टिशन आणि पलीकडच्या अर्ध्यात बाटल्यांची प्लास्टिकची बुचं पाडणारं मशीन. धप्प, सुस्स. धप्प, सुस्स. दिवसभर तेच. आम्ही भिंतींना फोम चिकटवला, फोमवर आईच्या जुन्या गोधड्या ठोकल्या, तरी तो ठोका मायक्रोफोनमध्ये शिरायचाच. शेवटी आम्ही पलीकडच्या ऑपरेटरशी जमवून घेतलं. त्याची जेवणाची सुट्टी झाली किंवा साचा बदलायला मशीन थांबलं की तो पार्टिशनवर थाप मारून ओरडायचा, "चला, गाऊन घ्या!" आणि आम्ही हातातला वडापाव टाकून माइककडे धावायचो.

मी रॅपर आहे. चारकोपच्या आमच्या सेक्टरमधल्या बायका माझी ओळख "तो नाही का, भराभर बडबडतो तो" अशी करून देतात आणि ती चुकीची आहे असं मला म्हणता येत नाही. घरात चादरीखाली फोनवर रेकॉर्ड केलेली माझी बरीच गाणी सुटी सुटी बाहेर आली होती. अल्बम करायचं खूळ माझ्या मित्राचं. तो बीट बनवतो, आवाज रेकॉर्ड करतो, मिक्सिंग करतो आणि उरलेल्या वेळात माझा अपमान करतो. त्याचे आईवडील विदर्भातले, बौद्ध. आमची दोन्ही घरं एकाच गल्लीत, आणि आम्ही एकाच शाळेत एकाच बाकावर मार खाल्लेला. "भावा, किती दिवस सुटी गाणी विकणार? भेळवाला आहेस का तू?" तो म्हणाला. "एक अख्खी गोष्ट सांग. पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत."

गोष्ट सांगायची म्हटल्यावर माझ्याकडे एकच होती, बाबांची. कोकणातून आले, गिरणीत लागले, गिरणी बंद पडली, आणि मग जन्म अंधेरीच्या एका फिल्म स्टुडिओच्या गेटवर वॉचमन म्हणून गेला. आत काय चालतं ते त्यांनी कधी पाहिलं नाही, कारण त्यांचं तोंड रस्त्याकडे असायचं. अल्बमचं पहिलं गाणं तिथूनच सुरू होतं:

"गेट दुसऱ्याचं, चावी माझ्या बापाची,
येणाऱ्या-जाणाऱ्याला ओळख फक्त टोपीची."

हे गाणं कच्चं तयार झालं तेव्हा मी घराच्या ओट्यावर बसून ते फोनवर लावलं. बाबा बाजूला अडकित्त्याने सुपारी कातरत होते. रॅपमध्ये मुख्य आवाजाच्या मागे आणखी आवाज असतात. ओळीचा शेवट ठळक करायला तो पुन्हा म्हणायचा, मध्येच "हां", "बोल", "ऐक" अशा हाका टाकायच्या. बाबांनी कान दिला.

"ह्यो मागसून कोण बोलता?"

"मीच."

"पुढे पण तूच आणि मागे पण तूच?"

"हो. तशीच पद्धत असते."

"वा," बाबा म्हणाले. "म्हणजे एकट्यानच गाऱ्हाणा घालूचा आणि एकट्यानच व्हय म्हाराजा म्हणूचा. बरा आसा. माणसा जमवूची कटकट नाय."

ते हसले, मीही हसलो, पण तेवढ्यात माझ्या डोक्यात अल्बमचा शेवट तयार झाला होता.

आमच्या कोकणात कुठल्याही कामाला देवापुढे नारळ ठेवला की गाऱ्हाणं घालतात. एक जाणता माणूस उभा राहून देवाशी बोलतो. देवाला हाक मारतो, हाक मारणारे कोण ते सांगतो, आजवर झालेल्या चुका पोटात घाल म्हणतो आणि मग आज काय हवं आहे ते मागतो. त्याच्या प्रत्येक वाक्याला जमलेली माणसं "व्हय म्हाराजा" म्हणून दुजोरा देतात. आमच्या सेक्टरमधल्या कोकणी घरांत ते काम बाबांचं होतं. कुणाची नवी रिक्षा, कुणाचं किराणाचं दुकान, कुणाच्या मुलीची बारावी. बाबा ड्युटीवरून येऊन हातपाय धुऊन जायचे. त्यांचा आवाज एरवी साधाच, पण गाऱ्हाण्याला तो पोटातून यायचा, आणि त्यात एक ठेका असायचा. मी आज जे करतो त्याचं मूळ तिथे आहे असं काही मी म्हणणार नाही. मुलाखती घेणाऱ्यांना तसं ऐकायला आवडतं, म्हणूनच म्हणणार नाही. मला तो आवाज आवडायचा, इतकंच.

तर मी म्हटलं, "बाबा, अल्बमच्या शेवटी तुमचं एक गाऱ्हाणं हवंय. या एकदा स्टुडिओत."

"कित्याक?"

"रेकॉर्डिंगला."

बाबांनी अडकित्ता खाली ठेवला. "नारळ कसलो? काम कोणाचा?"

"काम म्हणजे... अल्बमच."

"झालो तो?"

"होतोय."

"मग होऊ दी. उगाच देवाक हाक मारूची नाय. हाक मारली आणि मागूचा काय नाय, ह्या बरा दिसता? झालो की नारळ घेऊन ये. घालतलंय." मग माझ्या फोनकडे बोट दाखवून म्हणाले, "पण तुझ्या त्या डबड्यात नाय हां. देवापुढे."

त्यातला पहिला भाग मी शब्द म्हणून धरला आणि दुसरा सोयीने विसरलो. पटवू नंतर, असं वाटलं. तोवर धीर नव्हता, म्हणून मी स्वतःच एक गाऱ्हाणं लिहिलं आणि दुजोरा द्यायला कॉलेजमधले तीन दोस्त गाळ्यात आणले. तिघेही कोकणी, तिघेही मुंबईत वाढलेले. मी पहिली हाक मारली आणि तिघांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं, तेही असा गेंगाणा, हेल काढलेला आवाज लावून. मला हसू आलं. मग सगळेच सुटलो. दुसऱ्या दिवशी ते ऐकलं तर ती सरळ सरळ गॅदरिंगमधली नक्कल होती. आम्हाला गाऱ्हाणं येतं म्हणजे त्याची टिंगल येते, दुसरं काही येत नाही. मित्राने ते पुसून टाकलं. अल्बमच्या शेवटी त्याने कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंगची एक रिकामी पट्टी ठेवली आणि तिला नाव दिलं, "काका".

पाचसहा गाणी झाली असतील. एका सकाळी बाबा नळाखाली बादली लावायला वाकले आणि तिथेच बसले. आई म्हणाली, "अहो, उठा," तर त्यांनी तिच्याकडे पाहून "हे" म्हटलं. पुन्हा "हे". अर्धांगवायू. हॉस्पिटलमधून घरी आले तेव्हा उजवा हात लोंबत होता, पाय ओढत चालत होते, पण समजत सगळं होतं. कोण आलं, काय बोललं, डाळ खारट आहे, सगळं. बोलायला गेलं की मात्र एकच आवाज. पाणी हवं असलं तरी हे, खिडकी लावायची असली तरी हे, आणि आम्हाला कळलं नाही की मोठ्याने हे. आम्ही एकेक वस्तू दाखवत राहायचो. उशी? रिमोट? चहा? बाबा डोळे मिटून घ्यायचे. एकदा तर मी ओरडलो त्यांच्यावर. माझा स्वभाव असाच आहे, आधी ओरडतो आणि मग कोपऱ्यात जाऊन रडतो.

बोलायला शिकवणाऱ्या बाई यायच्या. त्यांनी सांगितलं की स्वतः वाक्य जुळवून बोलणं आणि वर्षानुवर्षं पाठ असलेलं म्हणणं या मेंदूतल्या वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलं गेलं तरी दुसरं कधी कधी शाबूत राहतं. त्यांना आकडे म्हणायला लावा, आरती म्हणायला लावा. आम्ही लावलं. बाबा मान फिरवून बसायचे. लहान मुलासारखं आकडे म्हणायची त्यांना लाज वाटत असणार. पाठ असलेल्यातली एक गोष्ट मात्र बाहेर आली. डाव्या हाताने घास सांडला तेव्हा त्यांच्या तोंडून एक मालवणी शिवी निघाली, स्वच्छ, सगळ्या अक्षरांसकट. आई ताटावरून उठून माझ्याकडे धावत आली. "आयकलंस? आयकलंस ना?" नवऱ्याने शिवी दिली म्हणून इतकी खूष झालेली बाई मी दुसरी पाहिली नाही.

या काळात मी काहीच लिहिलं नाही. माइकपुढे उभा राहिलो की भराभर शब्द यायचे आणि त्या भराभर येण्याचाच मला संताप यायचा. घरात एक माणूस पाणी म्हणू शकत नाही आणि मी इथे एका दमात अर्धं पान ओकतोय. मित्राने काही दिवस सहन केलं. मग म्हणाला, "तू गप्प बसलास तर काका बोलायला लागणार आहेत का? नाही ना? मग नाटकं बंद कर." त्याच्यावर चिडूनच मी उरलेली गाणी लिहिली. चिडून लिहिलेली गाणी चांगली झाली, हेही मला खटकलं. नळावरचं, आईच्या टिफिनच्या धंद्यावरचं, सेक्टरच्या मैदानावरचं. साचा बदलायच्या वेळेत, जेवणाच्या सुट्टीत, एकेक करत अल्बम पुरा झाला. शेवटची पट्टी रिकामीच होती. "हिचं काय करू?" मित्राने विचारलं. "काढून टाक," मी म्हटलं. त्याने ऐकलं नाही.

अल्बम झाला असं मी घरी सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर सोललेला नारळ, विड्याची पानं, सुपारी आणि उदबत्तीचा पुडा. आईने बाबांना धुतलेला सदरा घातला होता.

"कुठे निघालात?"

"तुझ्या गाळ्यात. नारळ ठेवलो थंय देव. तेनी शब्द दिलेलो."

"आई, डोकं ठिकाणावर आहे का? त्यांना बोलता येत नाही. सगळ्यांसमोर उभं करून त्यांना रडवायचंय का?"

"सगळे कोण? तू, मी आणि तुझो तो दोस्त," आई म्हणाली. "नारळ ठेवूया. ते नुसते उभे रवतीत. तेका पण गाऱ्हाणाच म्हणतत." मी बाबांकडे पाहिलं. ते दाराशी चपलेत पाय घालायची खटपट करत होते, मला उत्तर द्यायच्या भानगडीत पडले नाहीत.

रिक्षातून उतरून ते गाळ्यात शिरले. जन्मभर स्टुडिओच्या गेटवर उभे राहिलेले बाबा पहिल्यांदाच एका स्टुडिओच्या आत आले होते, आणि आत येऊन त्यांनी काय पाहिलं, तर भिंतीवर स्वतःच्या घरातल्या गोधड्या. त्यातली एक त्यांनी बोटाने चाचपली. पलीकडे जेवणाची सुट्टी झाली होती, मशीन बंद होतं. आईने कॉम्प्युटरसमोर पाट ठेवून त्यावर नारळ ठेवला. मित्राला म्हणाली, "बाळा, तुमच्यात नसता ना ह्या? बाहेर थांबलंस तरी चलात."

"गाळा माझा पण आहे, काकी. थांबतो मी," तो म्हणाला. "फक्त हात नाही जोडणार." आई "बरा" म्हणाली. तो त्याच्या खुर्चीमागे, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला.

बाबांनी डावा हात वर आणला. उजवा येईना. आईने तो उचलून डाव्याला जोडला आणि तसाच धरून ठेवला. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. मग बाबांनी श्वास घेतला.

"बा देवा म्हाराजा."

पोटातून. तोच आवाज. आईच्या तोंडून "अगो बाय" निघालं आणि लगेच तिने सावरून म्हटलं, "व्हय म्हाराजा." मीही म्हटलं.

"बारा गावच्या, बारा वेशीच्या म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"आज तुझी लेकरा तुझ्या पायाकडे उभी आसत. तेंची काय चुकमाक झाली आसात, ती पदरात घे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

शब्द एकामागून एक येत होते, न अडखळता. किती घरांत, किती नारळांपुढे म्हटलेले ते शब्द त्यांना शोधावे लागत नव्हते. मी इतका हरखलो होतो की पुढे काय येतं ते विसरलोच होतो. पुढे मागणं येतं. आणि मागणं पाठ नसतं. ते दर वेळी नवं असतं, ज्याचं त्याचं असतं. रिक्षाचं वेगळं, बारावीचं वेगळं.

"आणि आज," बाबा म्हणाले. "आणि आज ह्या... ह्या..."

ते थांबले. ओठ हलत होते. डोळे माझ्यावर खिळले होते, त्यांना मी माहीत होतो, अल्बम माहीत होता, काय मागायचं तेही माहीत होतं. "हे," ते म्हणाले. "हे. हे." आईने त्यांचे जोडलेले हात घट्ट धरले आणि ती रडायला लागली. तेवढ्यात पलीकडची सुट्टी संपली. धप्प, सुस्स. धप्प, सुस्स.

मी काही ठरवलं नव्हतं. बाबांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो आणि त्यांचं राहिलेलं मागणं मी मागायला लागलो. अल्बमचं मागेन असं वाटलं होतं. तोंडातून आलं ते वेगळंच.

"बा देवा म्हाराजा, ह्या माणसान आजपर्यंत सगळ्यांसाठी मागल्यान. लोकांच्या रिक्षा मागल्यान, लोकांची दुकाना मागल्यान, लोकांची पोरा पास केल्यान. स्वतःसाठी एक शब्द मागूक नाय. आज मी मागतंय. अल्बमाचा काय ता तू बघ. माझ्या बाबांका पाणी मागूक येऊ दी रे म्हाराजा."

सवयीने माझे शब्द पलीकडच्या ठोक्यावर बसत गेले होते. मालवणी मी घरात कधी बोलत नाही, आई बोलते आणि मी मराठीत उत्तर देतो. ती कुठून आली माहीत नाही. दुजोरा द्यायला आता कुणी उरलं नव्हतं. आईला बोलवत नव्हतं आणि मित्र तर म्हणणार नव्हताच.

"व्हय म्हाराजा," बाबा म्हणाले.

खणखणीत. माझ्याकडे बघून. मी पुन्हा म्हटलं, पाणी मागूक येऊ दी, आणि ते पुन्हा म्हणाले, व्हय म्हाराजा. या वेळी मागून हळू आवाजात आणखी एक "व्हय" आला. मी वळून पाहिलं तर मित्र गोधडीकडे तोंड करून उभा होता. "देवाला नाही म्हटलं," तो म्हणाला. "काकांना म्हटलं."

माइक चालू होता. तो मुद्दाम ठेवला नव्हता. साचा कधी बदलेल याचा भरवसा नसल्यामुळे आमच्याकडे माइक आणि रेकॉर्डिंग बंद करायची पद्धतच नाही. सगळं "काका" या पट्टीत जाऊन बसलं होतं. मित्राने काही न विचारता हेडफोन बाबांच्या कानावर ठेवले आणि ते लावलं. बाबा स्वतःचा आवाज ऐकत होते. नळाखाली बसल्यापासून त्यांनी तो ऐकला नव्हता. त्यांच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायला त्यांनी हात वर केला नाही.

"काका, अल्बममध्ये ठेवू?" मित्राने विचारलं.

बाबांनी मान हलवली. नाही. मी म्हटलं, "बाबा, फक्त शेवटचं. फक्त तुमचं व्हय म्हाराजा." त्यांनी पुन्हा मान हलवली, हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि डावा तळवा पसरून माइकवर झाकण घातल्यासारखा धरला. मला राग आला. इतक्या महिन्यांनी मिळालं होतं, इतकं खरं मिळालं होतं, आणि हा माणूस नाही म्हणतोय. पण त्यांनी मला आधीच सांगितलं होतं, डबड्यात नाय, देवापुढे. बोलता येत होतं तेव्हा सांगितलेलं ते आता बोलता येत नव्हतं म्हणून बदललं नव्हतं. मी मित्राला मान हलवून सांगितलं. त्याने बोलण्याचा सगळा भाग कापला, मागे उरलं ते नुसतं मशीन.

अल्बम बाहेर आला. शेवटच्या गाण्यानंतर थोडा वेळ नुसतं मशीन ऐकू येतं, धप्प, सुस्स, आणि मग तेही थांबतं. तो बीट कुठला म्हणून पोरं विचारतात. बुचांचा आहे, असं मी खरं तेच सांगतो. लोकांना अल्बम आवडला, काहींना नाही आवडला, आणि सेक्टरमधल्या बायका आता "तो नाही का, बापावर बडबडतो तो" असं म्हणतात.

त्या दिवशी गाळ्यातून घरी आल्यावर बाबा दमून झोपले. संध्याकाळी आई स्वयंपाकघरात टिफिनसाठी भेंडी चिरत होती आणि मी दाराशी बसून फोडलेल्या नारळाचे तुकडे करत होतो. बाबा उठून पाय ओढत आले. डाव्या हातात रिकामा पेला. ते उंबऱ्यात उभे राहिले, तोंड उघडलं, आणि मी तो "हे" ऐकायची तयारी केली. आईने वर न बघता, चिरता चिरता विचारलं, "काय? पाणी होया?"

"व्हय म्हाराजा," बाबा म्हणाले.

आईचा हात थांबला. मीही थांबलो. तिने विळी आडवी केली, उठून पदराने हात पुसले आणि त्यांच्या हातातला पेला घेतला. "भेंडी होयी?" तिने विचारलं. बाबांनी तोंड वाकडं करून मान हलवली. भेंडी त्यांना आयुष्यात कधी आवडली नाही. "पाणीच होया ना?" आई पुन्हा म्हणाली, आणि ते पुन्हा म्हणाले, "व्हय म्हाराजा." मग आईने माठाकडे वळून, चार माणसांत देतात तसा मोठ्याने दुजोरा दिला, "व्हय म्हाराजा," आणि पेला भरला.